संताची कपार आणि माझ्या भावाचं पोट

आमच्या रोक्कामेलोत देवांना तोटा नाही. गाव डोंगराच्या माथ्यावर, मूठभर. पण भोवतालच्या उतारांवर दर चार शेतांमागे एखादं देऊळ आहेच. कुठलं प्लेगमधून वाचलेल्यांनी बांधलं, कुठलं भूकंपातून वाचलेल्यांनी, आणि ओढ्याकाठचं एक तर सासूच्या तावडीतून सुटलेल्या सुनेनं बांधलं असं माझी आई सांगायची. सगळ्यांना कुलपं असतात. ज्या देवळाला जे घर जवळ, त्या घरात त्याची किल्ली. दार वाजवायचं, किल्ली मागायची, दर्शन घ्यायचं, किल्ली परत करायची. पाद्रीसुद्धा असंच करतात.

दूध पाजणाऱ्या मरियामातेच्या देवळाची किल्ली आमच्याकडे असते, म्हणजे माझ्या भावाच्या स्वयंपाकघरात, दारामागच्या खुंटीवर. ती सांभाळायचं काम माझं. देवळाच्या भिंतीवर बाळाला अंगावर घेतलेली मरियामाता रंगवली आहे. रंग उडालाय, बाळाचा एक पाय ओलीनं खाल्लाय, पण आईचा चेहरा असा तृप्त की बघणारीला झोप यावी. तिच्याकडे दोनच प्रकारच्या बाया येतात. एक, दिवस राहावेत म्हणून येणाऱ्या. आणि दुसऱ्या, दिवस राहिलेत म्हणून येणाऱ्या. एरवी तिथे पालींचं राज्य.

मार्चमधल्या एका सकाळी मी बाजारातून आले तर किल्ली खुंटीवर उलटी टांगलेली. मी ती तशी टांगत नाही. आणि त्या सकाळी घरात फक्त नोएमी होती, माझी भाची. जूनमध्ये तिचं लग्न ठरलेलं, ओरेस्ते घंटावाल्याच्या तुल्लिओशी.

 रात्री जेवताना तिच्या ताटात नेहमीपेक्षा मोठा तुकडा वाढला. तिनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. तिचा बाप उठून गेल्यावर माझ्या कानाशी लागली.

“आत्या, बाबांना सांगू नकोस ना. लग्न झालं की मी सांगेन.”

“मी काय सांगणार? मी आपली किल्ली सांभाळते,” मी म्हटलं आणि तिचा असा मुका घेतला की तिच्या गालाला पीठ लागलं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! पण बिछान्यावर पडले आणि एकदम उठून बसले. मला संताची कपार आठवली.

गावाच्या वर, चेस्टनटच्या रानात, संत आल्विंझोची मठी आहे. मठीच्या मागे खडकाला वरपासून खालपर्यंत चीर गेली आहे. तीच कपार. संताच्या मागे लांडगे लागले, लांडगे म्हणजे लुटारू सरदार, तेव्हा खडक दुभंगला आणि संत पलीकडे निघून गेला. सरदाराच्या मनात वैर होतं, तो मध्येच अडकला. तेव्हापासून आमच्यात रीत आहे. ज्यांच्या घरी त्या वर्षी लग्न असेल त्या आईबापांनी मे महिन्यात संताच्या सणाला कपारीतून पार व्हायचं. आधी बाप, मागून आई. ज्याच्या मनात कुणाविषयी अढी आहे तो अडकतो. अडकला तर मोठ्यानं अढी बोलून दाखवायची, म्हणजे खडक सोडतो. दुपारच्या प्रार्थनेची घंटा होण्याआधी नाही सुटला तर लग्न पुढच्या सणापर्यंत लांबणीवर. एक वर्ष!

पाद्री दॉन एजिदिओ दरवर्षी प्रवचनात सांगतात की ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. आणि मग स्वतः सगळ्यांच्या आधी कपारीशी जाऊन उभे राहतात, नीट दिसावं म्हणून.

आता माझा भाऊ सेत्तीमिओ. आईबापांचं सातवं अपत्य, गावचा खाटीक. हॅम, म्हणजे डुकराची मांडी, मिठात मुरवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नाही. घरामागच्या टेकाडात रोमनांच्याही आधीच्या एत्रुस्कन लोकांची थडगी कोरलेली आहेत, त्यातल्या एका गार थडग्यात याचे हॅम टांगलेले असतात. एकदा रोमहून एक प्राध्यापक आले होते, त्यांनी डोक्याला हात लावला. सेत्तीमिओ म्हणाला, “मालक अडीच हजार वर्षांपूर्वी गेले, त्यांनी अजून तक्रार केली नाही.” प्राध्यापक जाताना अर्धा किलो बांधून घेऊन गेले.

तर असा खाटीक, आणि खाटकाचं पोट. शर्टाची शेवटची तीन बटणं लावण्याचा नाद त्यानं केव्हाच सोडला होता. कपारीच्या मधोमध खडक पुढे आलेला आहे, तिथं माझ्यासारखीलाही श्वास धरावा लागतो, आणि माझ्यात नि त्याच्या आकड्यावर टांगलेल्या हॅममध्ये फारसा फरक नाही. वाळलेली आणि खारट. त्याचं काय होणार होतं?

त्यात भर म्हणजे त्याच्या मनात अढीही होती, आणि ती कुणाविषयी, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. होणाऱ्या व्याह्याविषयीच. काही वर्षांपूर्वी सणाच्या जत्रेत हॅमची स्पर्धा झाली. ओरेस्ते परीक्षक. त्यानं बक्षीस दिलं ते खालच्या गावच्या माणसाला. खालच्या गावच्या! ज्या गावात सूर्य आमच्यानंतर उगवतो! तेव्हापासून सेत्तीमिओ ओरेस्तेशी फक्त हवामानावर बोलायचा, तेही हवा वाईट असेल तरच.

“पोटानं अडकलास तरी लोक म्हणणार अढीनं अडकला,” मी त्याला सांगितलं. “पोरीचं लग्न वर्षभर लांबेल. चालेल तुला?”

“छे! काय बोलतेस ताई!”

“मग आजपासून सूप. आणि ओरेस्तेकडे जा, काय ते मिटव.”

दुसरं काम सोपं निघालं. मी त्याला सरळ घंटाघरात पाठवलं, संध्याकाळच्या घंटेच्या वेळी. ओरेस्ते दोरी ओढतोय, वर घंटा घणघणतेय, आणि हे दोघं एकमेकांवर ओरडताहेत. कुणालाच कुणाचं ऐकू येईना. ओरडून ओरडून दोघांचे घसे बसले, मग ओरेस्तेनं बाटली काढली. खाली उतरले ते गळ्यात गळे घालून. ओरेस्ते म्हणे कबूल झाला की त्या दिवशी त्याला सर्दी होती आणि कुठल्याच हॅमची चव लागत नव्हती.

सूप मात्र जड गेलं. ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ होताच, मी मसुराचं सूप करायची, पातळ, आणि वर एक थेंब तेल. सेत्तीमिओ एक शब्द न बोलता प्यायचा. आणि मग नवलच झालं. माणूस देवभक्त झाला. दुकान बंद केलं की टोपी घालून निघायचा.

“कुठे?”

“प्लेगच्या मातेच्या दर्शनाला. पोरीचं लग्न आहे, ताई. देवाचं नाव घेतलेलं बरं.”

आज प्लेगची माता, उद्या मठातले दगडी सिंह, परवा रोमन पुलाजवळचा संत रोक्को. चढ-उतार करून घामाघूम होऊन यायचा. मला भरून आलं. म्हटलं, चालणंही होतंय आणि पुण्यही लागतंय. मी सूपात तेलाचा आणखी एक थेंब घातला.

ईस्टर आला, आणि त्याच्या कोटाचं राहिलेलं बटणही तुटलं.

मी चक्रावले. सूप पिऊन माणूस फुगतो? मग एका रविवारी चर्चबाहेर असुंता भेटली. ती प्लेगच्या मातेची किल्ली सांभाळते.

“किती भाविक गं तुझा भाऊ!” ती म्हणाली. “आठवड्यातून दोनदा येतो. आणि खाणंही किती मोकळ्या मनाचं! परवा पाच अंड्यांचं ऑम्लेट केलं, नाही म्हणाला नाही.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे किल्ली मागायला दारात आलेल्या माणसाला नुसती किल्ली देणं म्हणजे त्याला हाकलून देणं. आधी बसवायचं, काहीतरी पुढ्यात ठेवायचं. आणि न खाता किल्ली नेणं म्हणजे त्या घराच्या अन्नाला नावं ठेवणं. हे मला जन्मापासून ठाऊक, मी स्वतः हेच करते, आणि मीच याला देवळांच्या वाटेनं जाऊ देऊन खूश होत होते! मी त्या दिवशी सगळ्या किल्लीवाल्यांकडे फिरले. मठाजवळच्या घरी मेंढीच्या दुधाचं चीज आणि मध. संत रोक्कोच्या घरी तव्यावरची जाड भाकरी, आत सॉसेज. ओढ्याकाठच्या देवळाची किल्लीवाली म्हणाली की हा दर शुक्रवारी येतो, आणि शुक्रवारी मांस चालत नाही म्हणून ती बिचारी मुद्दाम मासे आणून ठेवते.

घरी आले तेव्हा महाशय सूप पीत होते. चेहरा असा की जणू हुतात्मा संत.

“आज कुणाचं दर्शन?” मी विचारलं.

“आज मठ.”

“चीज कसं होतं?”

चमचा हवेतच थांबला.

“ताई, मी दर्शनही घेतो. खरंच घेतो. आधी घेतो.”

“तुला लाज नाही वाटत? संतांच्या नावावर चरतोस?”

“मी काय करू? त्यांनी वाढलं आणि नको म्हटलं तर अपमान होतो. प्लेगच्या मातेचा नाही, असुंताचा. आणि असुंता मातेपेक्षा जास्त रागावते.”

नोएमी हसून हसून टेबलावर पडली. मला हसू आलं होतं, पण मी दाबलं. सण तीन आठवड्यांवर आला होता. मी पुन्हा सगळ्या किल्लीवाल्यांकडे गेले, म्हटलं, बायांनो, याला किल्ली द्या, खायला देऊ नका. सगळ्या जणी माझ्यावर उलटल्या. असुंता तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, “रिकाम्या हातानं किल्ली? माझं घर म्हणजे काय नगरपालिकेचं ऑफिस वाटलं?” शेवटी मी त्याच्या टोप्याच कुलपात ठेवल्या. टोपीशिवाय आमच्याकडचा माणूस देवळात जात नाही; म्हणजे जातो, पण आपण कुठे निघालोय ते त्याला स्वतःलाच पटत नाही.

सणाचा दिवस उजाडला तो निरभ्र. संताची मूर्ती खांद्यावर घेऊन सारं गाव चेस्टनटच्या रानातून वर चढलं. मागून बायका टोपल्या घेऊन. झाडांना नुकती पालवी फुटलेली, खाली दरीत खालच्या गावची कौलं दिसत होती; ती दिसली की आम्ही सवयीनं तोंड फिरवतो. मठीत मिस्साची प्रार्थना झाली. दॉन एजिदिओंनी अंधश्रद्धेवर बोलायचं ते बोलून घेतलं आणि घाईघाईनं कपारीकडे निघाले.

त्या वर्षी एकच लग्न होतं, आमचंच. रीतीप्रमाणे नवरानवरी कपारीच्या पलीकडच्या तोंडाशी, झऱ्याजवळ उभे राहिले. अर्धं गाव तिकडे, अर्धं इकडे. नोएमीनं जाताना माझा हात दाबला.  सणाचा झगा सैल शिवला होता, मीच शिवला होता, कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. पण पुढच्या सणापर्यंत? तोवर जे त्या झग्यात मावणारं नव्हतं ते पाळण्यात रडत असतं.

आधी ओरेस्ते आणि त्याची बायको. दोघं सरसर पार झाले. ओरेस्ते लगेच वळसा घालून आला आणि मठीच्या घंटेची दोरी धरून उभा राहिला, कारण दुपारची घंटा त्यालाच वाजवायची होती.

मग सेत्तीमिओ. कोट काढला, शर्टावर बाहेरून डुकराची चरबी चोळली. घरचाच माल. गावानं पैजा लावल्या होत्या. तो आत शिरला, आतून कण्हण्याचे आवाज आले, मग एक लांबलचक सुस्कारा, जणू अख्ख्या उपवासाचं सूप बाहेर पडलं. आणि पलीकडून एकदम आरोळी उठली. पार! माझा भाऊ पार झाला! माणसं उड्या मारू लागली. दॉन एजिदिओंनी टोपी उडवली. मला रडू कोसळलं. इतके दिवस जीव टांगणीला लागला होता तो सुटला.

“चला झेलिंदा, आता तुमचं तेवढं उरकून घ्या,” दॉन एजिदिओ म्हणाले. “जेवणं थांबलीत.”

हो, माझं राहिलं होतं. आईच्या जागी मला जायचं होतं. नोएमीची आई आदा, पोर तीन वर्षांची असताना गेली. मी तेव्हा पेरूजात होते. शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतायला. माझ्या हाताखाली सहा मुली होत्या, आणि खिडकीतून अख्खं शहर दिसायचं. दफनाला म्हणून एक पिशवी घेऊन आले ते आजतागायत इथेच. तर मी स्कर्ट गोळा केला आणि आत शिरले. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. माझी कुणाला काळजी?

आत गार होतं आणि ओल्या मातीचा वास. चार पावलं गेले. खडक पुढे आला आहे तिथं श्वास धरला, अंग तिरकं केलं, आणि थांबले.

थांबले म्हणजे मला थांबवलं. कंबर पुढे जाईना. मागे यावं तर तेही जमेना. नंतर लोक म्हणाले की माझ्या पट्ट्याचं बक्कल खडकात अडकलं असणार. मी तेव्हा हातानं चाचपून पाहिलं होतं. बक्कल मोकळं होतं.

“आत्या?” पलीकडून नोएमीचा आवाज आला. “काय झालं?”

“काही नाही! येते!”

आले नाही. इकडची कुजबुज थांबली, तिकडचीही थांबली. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि असुंता ओरडली, “अगंबाई, झेलिंदा अडकली!”

दोन्ही बाजूंनी हशा उसळला. तो ऐकून माझं रक्त उकळलं.

“अढी बोला, अढी!” गाव ओरडू लागलं.

“माझ्या मनात काही नाही!” मी किंचाळले.

“आवाजावरून वाटत नाही!” ओरेस्ते म्हणाला.

दॉन एजिदिओ कपारीत तोंड घालून म्हणाले, “झेलिंदाबाई, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं प्रभूनं सांगितलंय.”

“प्रभूनं प्रवचन थोडक्यात करा असंही सांगितलंय! दर रविवारी माझं जेवण करपतं. घ्या, ही एक अढी!”

टाळ्या पडल्या. खडक हलला नाही. मग मी सगळंच काढलं. असुंतानं नेलेली चाळणी परत केली नाही. ओरेस्ते सकाळची घंटा चार मिनिटं आधी वाजवतो, कारण त्याला झोप येत नाही म्हणून कुणालाच येऊ नये. महापौरांनी झऱ्याकडची वाट दुरुस्त करू म्हणून तीन निवडणुका जिंकल्या. एकेक अढीवर गाव हसत होतं, कबूल करत होतं, “चाळणी उद्या आणते गं!” असं असुंता ओरडत होती. पण माझी कंबर होती तिथंच. आणि हसता हसता पलीकडून नोएमी म्हणाली, “आत्या, वेळ होत आलीय गं,” आणि तिचा आवाज फुटला.

“मी घंटा उशिरा वाजवतो!” ओरेस्ते ओरडला.

“खालच्या गावची वेळेवर वाजेल ना, शहाण्या!” सारं गाव त्याच्यावर ओरडलं. ते खरं होतं. आमच्या लग्नासाठी ते लोक अर्धा मिनिटही थांबले नसते.

मला घाम फुटला. माझ्यामुळे! त्याच्या पोटाला मी दोन महिने शिव्या घातल्या, आणि पोरीचं लग्न लांबणार होतं माझ्यामुळे. मी पुन्हा जोर लावला. तेवढ्यात पलीकडून धपधप पावलं आली, चरबीचा वास आला, आणि अंधारातून माझ्या नाकासमोर सेत्तीमिओचं नाक उगवलं.

“तू परत कशाला आलास?”

“तुला न्यायला.” तो धापा टाकत होता. श्वास न सोडता, तसाच घुसला होता मूर्ख. त्यानं मागे सरून पाहिलं. मग पुढे. “ताई, मला वाटतं मीपण अडकलो.”

“गाढवा!”

“असू दे. तू बोल.”

“काय बोलू? सगळं बोलून झालं.”

“सगळं नाही. भांडी घासताना तू पुटपुटतेस ते. मी रोज ऐकतो, शब्द कळत नाहीत. ते बोल.”

 त्याचं कपाळ माझ्या कपाळाला टेकलं होतं. असं आम्ही लहानपणी एका रजईत झोपायचो. त्याच्या भुवयांवर घाम होता, आणि त्याचे बारीक डोळे घाबरलेले होते. आणि मग ते माझ्या तोंडून निघालंच.

“तू मला विचारलं नाहीस.”

“काय?”

“आदाला पुरून आलो. लोक जेवून गेले, मी भांडी घासली. दुसऱ्या दिवशी तू दुकान उघडलंस. मी वाट बघितली. वाटलं, आज म्हणेल, ताई, राहतेस का? मी हो म्हटलं असतं रे. तिथल्या तिथे म्हटलं असतं. पोर माझ्या कुशीत झोपत होती, मी कुठे जाणार होते? पण तू विचारलंच नाहीस. तू आलास आणि म्हणालास, जेवायला काय आहे? आणि अजून रोज तेच म्हणतोस!”

 सेत्तीमिओच्या हनुवटीवरून एक थेंब माझ्या हातावर पडला. घाम होता की काय, मी पाहिलं नाही.

“मला भीती वाटली,” तो म्हणाला.

“कसली?”

“तू नाही म्हणशील याची. तीन वर्षांची पोर, मी एकटा. म्हटलं, विचारलंच नाही तर नाही म्हणायला तुला जागाच उरणार नाही. मग वर्ष गेलं. मग विचारायची लाज वाटायला लागली. मग एवढी वर्षं झाली की विचारलं असतं तर तू लाटणं फेकून मारलं असतंस.”

“मारलंच असतं.”

“बघ!”

“मग आता विचार.”

“इथे?”

“इथेच. घंटेच्या आत. पोरीचं लग्न पुढच्या वर्षावर गेलं तर...”

“तर पोर पाळण्यातून उठून आईच्या वरातीत चालेल,” तो म्हणाला.

मी थक्क झाले. “तुला कुणी सांगितलं?”

“मी खाटीक आहे ताई, आंधळा नाही. दूधवाल्या मातेपुढे ताजी फुलं दिसली, त्याच दिवशी कळलं. मी रोज दर्शनाला निघायचो ना? मी आधी तिथेच जायचो. आजोबा होणार म्हणून नवस बोलायला.”

आम्ही कुजबुजत होतो. पण कपारीत कुजबुजलेलं बाहेर कर्ण्यातून यावं तसं येतं, हे रोक्कामेलोत कोण विसरेल? आम्ही विसरलो. बाहेर असा गलका उठला की झाडांवरचे कावळे उडाले. “आजोबा! आजोबा होणार!” ओरेस्ते तर म्हणे दोरी सोडून नाचायला लागला. नोएमीची काय गत झाली ते मी पाहिलं नाही, पण तिचं हसू ऐकू आलं, रडकं, लाजलेलं, जोरजोरात येणारं.

“ताई,” सेत्तीमिओनं घसा साफ केला. एवढा मोठा माणूस, पण आवाज पाद्र्यापुढे पहिल्या कबुलीजबाबाला गेलेल्या पोरासारखा झाला होता. “नोएमी आता ओरेस्तेच्या घरी जाईल. तुला पेरूजाला जायचं असेल तर मी स्वतः नेऊन सोडतो. खरंच. पण... राहतेस का? माझ्याकडे?”

माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं हुंदका आहे. पण ते हसू होतं. अठरा वर्षांनी, डुकराची चरबी फासून, खडकात अडकून विचारतोय! मी हसले, तो हसला, त्याचं ते पोट हलायला लागलं, आणि दोघांच्याही अंगातला श्वास संपेपर्यंत आम्ही हसत राहिलो. हसता हसताच तो बुचासारखा मागे निसटला आणि पाठमोरा बाहेर पडला, थेट दॉन एजिदिओंच्या अंगावर. ते नीट दिसावं म्हणून केव्हाच वळसा घालून पलीकडे आले होते. त्याच्या मागून मी. खालच्या गावची घंटा वाजली तेव्हा नोएमी माझ्या गळ्यात होती आणि ओरेस्ते धावत दोरीकडे निघाला होता.

“काय ठरलं झेलिंदा?” असुंतानं विचारलं. सगळं गाव थांबलं होतं, ताटं हातात धरून.

“विचार करून सांगते,” मी म्हटलं.

लोक हसले, पण मी थट्टा करत नव्हते. हा प्रश्न मला हवा होता आणि आता तो माझा होता. मला तो लगेच उत्तर देऊन संपवायचा नव्हता. झऱ्याकाठी गवतावर बसले. ऊन पडलं होतं, तुल्लिओ नोएमीला उगाचच दगडावरून हात धरून उतरवत होता, दॉन एजिदिओ कंबर चोळत दुसऱ्यांदा वाढून घेत होते. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं सेत्तीमिओ ताट घेऊन शेजारी येऊन बसला. चार घास खाल्ले. मग हळूच म्हणाला, “झाला का विचार?”

“सांगते म्हटलं ना!” मी ओरडले, आणि त्याच्या ताटातला हॅमचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला.